कथलाच्या चेंबूची नोंद

तंजावूर,
३ नोव्हेंबर २०२५

हरिप्रिया हिस,

आशीर्वाद लिहावेत की नाही यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी ते गाळले. हे पत्र मामाचं म्हणून वाचू नकोस. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे तपासलेल्या माणसाचं म्हणून वाच.

गेल्या आठवड्यात तू पुण्याहून मोठ्या कौतुकाने एक दुवा पाठवलास. ‘मामा, तंजावुरात देवनागरी वाचणारी माणसं किती उरलीत? म्हणून तुम्हालाच पाठवते. आमच्या विपरीतकोशातली या वर्षीची सगळ्यांत चांगली नोंद.’ मी चष्मा पुसून वाचायला बसलो. नोंद क्रमांक ४१७, ‘कथलाचा चेंबू’. रसम करायचं भांडं. त्याच्यासमोर जे बोललं जातं ते म्हणे त्यात मुरतं आणि अकरा वर्षांनी एका दुपारी उकळत्या रसमातून त्याच आवाजात बाहेर येतं. आवाज तिघांचे. नवरा, त्याची आई, त्याची बहीण. मूल होत नाही याचं कारण नवऱ्यात आहे असा डॉक्टरांचा कागद आलेला, आणि तिघं जेवता जेवता ठरवतात की बायकोला उलटं सांगायचं.

आमच्या घराची ही नालस्ती आहे आणि तिच्यात काडीचं तथ्य नाही. मरण्यापूर्वी तुझ्या आईने तुला हे सांगितलं आणि तू ते टोपणनावाने चव्हाट्यावर मांडलंस. ही गोष्ट फक्त तिघांना माहीत होती. माझी आई गेली, तुझी आई वसुमतीअक्का गेली, आणि मी कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही.

पानाच्या तळाशी लिहिलंय की एक डिसेंबरला या नोंदीचं तमिळ भाषांतर येणार. तुझी मामी तमिळ घरातली, सकाळचा पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणारी. मराठी तिला एक अक्षर येत नाही, म्हणून या घरात शांतता आहे. महिना संपायच्या आत ती नोंद काढून टाक.

सांबशिव

*

पुणे,
५ नोव्हेंबर २०२५

मामा,

तथ्य नाही म्हणता, आणि तिघांना माहीत होतं असंही म्हणता. सदतीस वर्षं मसुदे तपासलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं.

आईने मला काहीही सांगितलेलं नाही. शेवटचे चार महिने ती बोलतच नव्हती, हे तुम्हाला ठाऊक असतं, तुम्ही तिरुच्चीला एकदा तरी येऊन बसला असतात तर. नोंद मी लिहिलेली नाही. मी फक्त संपादक आहे. विपरीत वस्तूंच्या कल्पित नोंदींचा हा कोश सगळ्यांचा असतो. कुणीही नोंद लिहावी, इतरांनी ती सुधारावी, वाचकांनी मतं द्यावीत, मतांत पडेल ती काढली जाते. लेखकाचं खरं नाव आम्हाला कळत नाही आणि आम्ही विचारत नाही.

ही मात्र पडणार नाही, कारण ती चांगली आहे. का चांगली, तेही ऐका. सुरुवात बघा: ‘चेंबू कथलाचा, दीड लिटरचा, रोजच्या वापरातला. खबरदारी: रिकामा विस्तवावर ठेवू नये, वितळतो.’ इथपर्यंत कुठल्याही घरातली गोष्ट आहे. पुढची ओळ त्याच थंड आवाजात येते: ‘चेंबूसमोर बोललेलं बाहेर येण्यास सुमारे अकरा वर्षं लागतात.’ आख्ख्या नोंदीत भय, काळोख, किंकाळी यांतला एक शब्द नाही. लेखक कुणाला घाबरवायला निघालेला नाही, त्याने फक्त नोंद केली आहे. मला तीन दिवस रसम प्यावंसं वाटलं नाही.

तुमच्यासाठी एकच वाट आहे. वादातल्या नोंदीला प्रतिनोंद लिहिता येते. प्रतिनोंदीला जास्त मतं पडली तर मूळ नोंद मागे जाते आणि भाषांतरही थांबतं. मसुदा पाठवा. वाचते. नात्याची सवलत मिळणार नाही.

हरिप्रिया

*

तंजावूर,
९ नोव्हेंबर २०२५

हरिप्रिया,

अक्काचं आजारपण तोंडावर मारलंस. लक्षात ठेवीन.

सोबत प्रतिनोंद जोडली आहे. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत माझे अकरा लेख छापून आलेत, तेव्हा मला लिहायला शिकवू नकोस. सारांश असा: अमावास्येच्या भयाण रात्री ओसाड वाड्यातून काळीज चिरणारी किंकाळी येते. पांढऱ्या साडीतली, केस मोकळे सोडलेली एक हडळ चेंबू घेऊन विहिरीवर येते. भोळ्याभाबड्या कुटुंबांबद्दल खोटंनाटं पसरवणं हा तिचा धंदा. शेवटी एक सत्शील गृहस्थ तिला कावेरीत बुडवतो आणि कुटुंबाची अब्रू राहते.

सरोजाने विचारलं, इतके दिवस काय लिहिताय? पेन्शनचा अर्ज, म्हणालो. तुझ्यामुळे या वयात बायकोशी खोटं बोलायची पाळी आली.

सांबशिव

*

पुणे,
११ नोव्हेंबर २०२५

मामा,

प्रतिनोंद नामंजूर. मतांना टाकली तर तासाभरात पडेल, म्हणून टाकतच नाही.

भयाण, ओसाड, काळीज चिरणारी. तीन विशेषणं आणि एकही वस्तू नाही. तुमच्या हडळीच्या हातात चेंबू आहे, तर तो भरलेला की रिकामा? विहिरीला पायऱ्या आहेत की रहाट? तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही ती पाहिलेली नाही. वाचक हे पहिल्या ओळीत ओळखतो. आणि तो सत्शील गृहस्थ. शेवटी अब्रू वाचवायला जो धावतो त्याच्याबद्दलच वाचकाला शंका येते.

मूळ लेखकाला ते जेवण माहीत आहे. कोण कुठे बसलं, कोणत्या शब्दानंतर कोण गप्प झालं, हे त्याने कुठूनतरी नेमकं उचललंय. ते हरवायचं तर तुम्हाला त्याच्याहून नेमकं लिहावं लागेल. खोटं असेल तर खोटं नेमकं लिहा. महिना, वार, पानात काय होतं, पहिलं कोण बोललं. स्मरणिकेची भाषा दारात काढून ठेवा.

बायकोशी खोटं बोलायची पाळी या वयात आली म्हणता. बघू.

हरिप्रिया

*

तंजावूर,
१६ नोव्हेंबर २०२५

हरिप्रिया,

हा दुसरा मसुदा. सगळं काल्पनिक आहे, हे पुन्हा लिहितो.

‘सन १९९६. तमिळ पुरट्टासी महिना, विष्णूच्या उपासाचा शनिवार, म्हणून घरात उपास सोडायचं जेवण. पानात लिंबाचा भात, वांग्याची भाजी, डांगर पच्चडी, रसम. नवरा पूर्वेला तोंड करून बसलेला. त्याच्या उजवीकडे आई, समोर बहीण, ती माहेरपणाला आलेली. नवऱ्याच्या खिशात कुंभकोणमच्या डॉक्टरांचा लखोटा. तो म्हणाला, कागदावर माझं नाव आहे. मग आई म्हणाली, नाव कोण वाचतंय? दोष तिचाच म्हणून सांगू. बहीण म्हणाली, हळू बोल आई. आई म्हणाली, हळू कशाला, तिला काय कळतंय. नवऱ्याने भात कालवला. त्याला आठवतं की त्या दिवशी त्याला भूक होती.’

पुढे माझं म्हणणं जोडलं आहे, ते मसुद्याचा भाग नाही. तो माणूस तेहतीस वर्षांचा होता. जातीबाहेर, भाषेबाहेर लग्न केलेलं. आईने सुनेला चार वर्षं नावाने हाक मारली नव्हती. खरं बाहेर आलं असतं तर बायको तिरुवैयारुला बापाकडे निघून गेली असती आणि गावाने हसून घेतलं असतं. तू तिथे असतीस तर काय केलं असतंस, ते सांग. पुण्यात बसून नेमकेपणा शिकवणं सोपं आहे.

सांबशिव

*

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२५

मामा,

काय केलं असतं ते सांगते. लखोटा तिच्या हातात दिला असता.

मला आठवतंय, मी पाच-सहा वर्षांची असताना आई मामीला तिरुक्करुगावूरच्या देवळात घेऊन जायची. तिथलं तूप अठ्ठेचाळीस दिवस घेतलं की मूल होतं म्हणून. बसमध्ये मी मामीच्या मांडीवर बसायचे. आईला सगळं ठाऊक असताना ती तूप आणायला घेऊन जात होती, हे मला आज कळलं, तेही तुमच्या काल्पनिक मसुद्यातून. तुमचा राग येतो हे सोपं आहे. आईचा राग येतोय आणि ती नाही.

आता संपादक म्हणून. मसुदा चांगला आहे. ‘त्याला आठवतं की त्या दिवशी त्याला भूक होती’ हे वाक्य मूळ नोंदीतही नाही, आणि ते भयंकर आहे. मी शब्दाला शब्द ताडून पाहिलं. ‘नाव कोण वाचतंय, दोष तिचाच म्हणून सांगू.’ तुम्ही लिहिलेलं वाक्य आणि चेंबूतून आलेलं वाक्य एकच आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकोणतीस वर्षांनी. आठवणीतून कुणी इतकं अचूक लिहीत नाही. ज्याने ती नोंद लिहिली, त्याने ते त्याच दिवशी उतरवून घेतलं होतं.

तुम्ही म्हणता तिघं होती. मग आजी ‘तिला काय कळतंय’ हे कुणाकडे बघून म्हणाली? मसुद्यात रसम आहे, मामा. ते पानात कोणी वाढलं?

आणखी एक. मामी लग्नाआधी तुमच्याच कचेरीत काय काम करत होती?

हरिप्रिया

*

तंजावूर,
२० नोव्हेंबर २०२५

हरिप्रिया,

तुझं डोकं फिरलं आहे. ती लघुलेखिका होती, साहेब सांगतील ते टिपून घ्यायची, तेही तमिळ. मराठी तिला येत नाही. तेहतीस वर्षांत या घरात तिने एक शब्द मराठी बोललेला नाही. आम्ही तिच्यासमोर तिच्या बापाबद्दल बोललो, दागिन्यांबद्दल बोललो, आईच्या शेवटच्या आजारात तिच्या कामाला नावं ठेवली. ती हसून विचारायची, अजून भात हवा का?

तरीही तुझ्या समाधानासाठी परीक्षा घेतली. काल दुपारी ती ओट्याशी उभी असताना मी फोन कानाला लावला आणि मराठीत अगदी शांतपणे म्हणालो, ‘सरोजाच्या पायामागे साप आहे.’ ती पापडाचा डबा उघडत होती. तिने पापड काढले, डबा बंद केला, झाकण दाबून बसवलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माणूस एवढं सोंग करू शकत नाही.

तेव्हा लेखक तूच. आता निदान कबूल तरी कर. आणि तमिळ भाषांतर झालं तर मी तुझं तोंड पाहणार नाही.

सांबशिव

*

तंजावूर,
२६ नोव्हेंबर २०२५

हरी कण्णा,

मी सरोजामामी. मी बोलते ते हा फोन लिहितो. काय लिहिलं ते मजला वाचता येत नाही. परत वाचून दाखव म्हणून सांगते, मग वाचून दाखवतो. चूक असली तर पुसून पुन्हा बोलते. चेंबूची नोंद पण अशीच केली. सतरा दिवस लागले, ते मंडळाच्या मीटिंगला गेले की तेवढ्यात.

कोणा माणसाशी मराठीत बोलते ती तूच पहिली. उच्चार तुझ्या आजीचे आहेत, मी त्यांच्याचकडून शिकले. त्यांनी शिकवलं म्हणून नव्हे.

लग्न होऊन आले तेव्हा जेवताना सगळे मराठीत बोलायचे आणि मधेच मजकडे बघायचे. शिकून घ्यावं म्हणून वाटलं. शिकून एक दिवस त्यांना चकित करायचं होतं. लघुलिपीत आवाज लिहितात, अक्षर नाही. अर्थ कळायची गरज नसते. मग ऐकलेलं किराणाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवायची, वार तारीख घालून. पहिली चार वर्षं काहीच कळेना. मग भाजी, पाणी, पाऊस एवढं कळू लागलं. तो शनिवार वहीत आहे. त्या दिवशी मी लिहिलं आणि पान उलटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तमिळात सांगितलं, दोष तुझ्यात आहे म्हणून डॉक्टर सांगतात.

तूप तीन वेळा घेतलं. कुंभकोणमला पोटाचं ऑपरेशन करून घेतलं, टाके पिकले, दोन महिने निजून होते. सगळे उपास केले. २००७ साली जुन्या वह्या रद्दीत घालायला काढल्या आणि वाचत बसले. तोपर्यंत मराठी सगळी येत होती. अकरा वर्षांनी कळलं. मी एकोणचाळीस वर्षांची होते. चेंबू गॅसवर होता, रसम आटून गेलं, चेंबू वितळून शेगडीत गळला. नवीन आणला. ते म्हणाले, लक्ष कुठे असतं तुझं?

तेव्हा का बोलले नाही म्हणून तू विचारशील. बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर कोणी बोललं नसतं. माझ्याबद्दल खरं काय ते मजला तेवढ्या जागेवरूनच कळत होतं.

गेल्या पोंगलला तू आली होतीस. चांगली नोंद कशी लिहायची म्हणून तासभर त्यांना सांगत होतीस. विशेषण घालायचं नाही, वस्तू सांगायची, घाबरवायला जायचं नाही. मी वडे तळत ऐकत होते. मधे तू म्हणालीस, मामीला कंटाळा आला असेल, तिला काय कळणार. ते पण वहीत आहे. राग आला. अजून आहे.

ते तुज पत्र लिहितात ते मोठ्याने वाचत लिहितात, तुझी आलेली पण मोठ्यानेच वाचतात. कचेरीची सवय. सगळी ऐकलीत. सापाचं पण कळलं होतं. तरी वळले नाही. अठरा वर्षांची सवय आहे.

आता परवाचं सांगते. जेवायला बसले होते. रसम वाढत होते. खाली पानाकडे बघत, हळू, मराठीत म्हणाले, ‘सरोजा, मी तुझं आयुष्य नासवलं. मला क्षमा कर.’ तेहतीस वर्षांत मजशी मराठीत पहिलं वाक्य. मजला कळत नाही म्हणून खात्री करून घेतली आणि मग म्हणाले.

मी पळी चेंबूत ठेवली. मी तमिळात विचारलं, काय म्हणालात? मी वाट बघत उभी राहिले, कण्णा. बराच वेळ दिला. तमिळात एकदा म्हणाले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं, नोंद पण काढून टाक म्हणून सांगितलं असतं. त्यांनी वर बघितलं आणि तमिळात सांगितलं, रसम छान झालंय म्हणालो.

मी आणखी एक पळी वाढली.

तमिळ भाषांतर तू करू नकोस. मी केलंय, टाइप करून या पत्राला जोडलंय. ते भूक होती म्हणून लिहिलेलं वाक्य त्यांच्या मसुद्यातून घेतलं आहे, तुजला आवडलं ना. लेखक म्हणून माझं नाव घाल. नुसतं सरोजा.

एक तारखेला दुपारी मी आधी जेवणार आहे. मग त्यांना समोर बसवून पहिल्या ओळीपासून तमिळात वाचून दाखवीन. संपेपर्यंत उठायचं नाही, हे तेवढं मराठीत सांगणार आहे.

सरोजा